खाणकामगाराची लेक



आत्ता जे गाणं ऐकलंत ते इंग्रजी होतं. एखाद्या स्वयंपाकघरातून "आज हे काय लावलंय?" असा आवाज नक्की आला असणार. हरकत नाही. शब्द घटकाभर बाजूला ठेवा आणि नुसता आवाज आठवा. थोडा नाकातला, काही न सजवलेला. ओट्याशी उभी राहून बाई शेजारणीला आपली हकिकत सांगते ना, तसा. त्या गाण्यात वडिलांचे कष्ट आहेत, धुणं धुऊन सोललेले आईचे हात आहेत, थंडी आहे, गरिबी आहे आणि तरीही त्या घराबद्दलचा ताठा आहे. गाण्याचं नाव 'कोल मायनर्स डॉटर', म्हणजे कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याची लेक. गाणारी आणि लिहिणारी बाई एकच, लोरेटा लिन. अमेरिकेच्या कंट्री संगीतातलं फार मोठं नाव.

आज हिच्याबद्दल का बोलावंसं वाटलं, ते सांगते. काही दिवसांपूर्वी आपल्या केंद्रावर जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग होतं. एक बाई भरभरून गात होत्या. सासू झाली, भाऊ झाला, पंढरपूर झालं. मग नवऱ्यावरची एक ओवी ओठांवर आली आणि त्यांनी माइककडे बघून ती गिळली. म्हणाल्या, "ही नको. जात्यावर चालतं. रेडिओवर गाव ऐकतं." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना त्याच गावात राहायचंय. पण मला तेव्हापासून लोरेटा आठवत राहिली, कारण तिनं नेमकं तेच केलं. जात्यावरचं रेडिओवर नेलं. त्याचं काय झालं ते आज ऐकू या.

आधी कंट्री म्हणजे काय ते थोडक्यात. कंट्री म्हणजे गावाकडचं गाणं. अमेरिकेच्या पूर्वेला ॲपलेशियन नावाची डोंगररांग आहे. तिथे इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडहून आलेली गरीब माणसं वसली. त्यांनी आपल्या लांबलचक कथागीतांची शिदोरी आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन, बरोबर आणलं. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांकडून बँजो आला. चर्चमधली भजनं मिसळली. हे सगळं घराच्या ओसरीवर गायलं जायचं. १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रिकेच्या कंपन्या आणि रेडिओ तिथवर पोचले आणि ओसरीवरचं गाणं बाजारात आलं. नॅशव्हिल शहरातल्या एका विमा कंपनीनं १९२५ साली रेडिओ केंद्र काढलं आणि त्यावर दर शनिवारी रात्री गावाकडच्या गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्याचं नाव पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' पडलं. विमा विकायला काढलेलं रेडिओ केंद्र, आणि त्याच्यापायी एका संगीताची पंढरी उभी राहिली!

हा कार्यक्रम केंटकी राज्यातल्या डोंगरांत बॅटरीवरच्या रेडिओवर ऐकला जायचा. तिथे व्हॅन लिअर नावाचं खाणीचं गाव होतं आणि त्याच्याजवळ, दोन डोंगरांच्या बेचक्यात, बुचर हॉलर नावाची वस्ती. 'हॉलर' म्हणजे घळच. १४ एप्रिल १९३२ ला तिथे लोरेटा वेब जन्मली. आठ भावंडांतली दुसरी. घर लाकडी फळ्यांचं. फटींतून वारा येऊ नये म्हणून आईनं भिंतींना वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं चिकटवलेली. लोरेटा हे नावही आईनं लोरेटा यंग या सिनेमानटीवरून ठेवलं. त्या काळात खाणीच्या मुलखात पगार बहुतेक वेळा रोख मिळत नसे, कंपनीची टोकनं मिळत आणि ती कंपनीच्याच दुकानात चालत. दुकान महाग. म्हणजे मजुरी कंपनीकडून घ्यायची आणि कंपनीलाच परत द्यायची. वडील, टेड वेब, यांच्या फुप्फुसांत कोळशाची धूळ साठली होती. १९५९ मध्ये ते गेले. लेकीचं पहिलं गाणं त्याच्या पुढच्या वर्षी आलं.

लग्नाची गोष्ट मजेशीर सुरू होते. शाळेत 'पाय सोशल' असायचा. मुलींनी घरून गोड पाय करून आणायचा, मुलांनी लिलावात बोली लावायची, आणि ज्यानं घेतला त्याला त्या मुलीशी ओळख करून घेता यायची. ऑलिव्हर लिन नावाच्या, सैन्यातून परत आलेल्या एकवीस वर्षांच्या पोरानं लोरेटाच्या पायवर बोली लावली. सगळे त्याला डूलिटल म्हणत, ती नुसतं डू म्हणायची. आणखी एक नाव होतं, मूनी, कारण तो हातभट्टीची दारू पोचवायचा. त्यानं पाय खाल्ला तर त्यात साखरेच्या जागी मीठ! तरी महिन्याभरात, १० जानेवारी १९४८ ला, दोघांचं लग्न झालं.

आता तिचं वय. आत्मचरित्रात आणि सिनेमात सांगितलं गेलं की लग्नाच्या वेळी ती तेरा वर्षांची होती. जगभर हेच छापलं गेलं. २०१२ साली एका वृत्तसंस्थेनं जन्मदाखला शोधून काढला, तेव्हा कळलं की ती पंधरा पूर्ण होती. काही लोकांना तिला खोटं पाडल्याचा आनंद झाला. मला त्यात आनंद वाटण्यासारखं काही दिसत नाही. गाण्याच्या धंद्यात बाईचं वय दोन-तीन वर्षांनी कमी सांगायची रीतच होती. आणि तेरा काय, पंधरा काय? पंधराव्या वर्षी लग्न झालेल्या बायका हे भाषण ऐकत असतील. त्यांना हिशेब समजावून सांगायला नको.

लग्नानंतर वर्षाच्या आत डूनं तिला देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, कस्टर नावाच्या गावी नेलं. खाणीत मरायचं नाही हा त्याचा निश्चय, आणि तो मला योग्य वाटतो. ती तेव्हा सात महिन्यांची गरोदर. आई नाही, बहीण नाही. विसाव्या वर्षापर्यंत तिला चार मुलं झाली. ती लोकांच्या घरची धुणी-झाडलोट करायची, मजुरांबरोबर स्ट्रॉबेरी तोडायला जायची. काम करताना, पोरांना झोपवताना गायची, तेवढंच तिचं गाणं.

ते डूनं ऐकलं. १९५३ साली त्यानं तिला सतरा डॉलरची गिटार आणून दिली आणि सांगितलं की रेडिओवरच्या बायकांपेक्षा तू चांगली गातेस. तिला गिटार धरताही येत नव्हती. शिकवायला कोणी नाही. पोरं झोपली की वाजवून बघायची. गाण्यांचं एक मासिक मिळायचं, त्यात लोकांची गाणी छापलेली असत. ती बघून तिला वाटलं, एवढंच असेल तर मलाही जमेल. काही वर्षांनी डूनंच तिला गावातल्या बारमध्ये गायला उभं केलं. ती भीतीनं अर्धी झालेली. हे सगळं तो तिच्या इच्छेनं करत होता की आपल्या, याचं एका शब्दात उत्तर नाही. तिनं स्वतः कायम सांगितलं की डू नसता तर मी गायिका झालेच नसते. आणि याच डूच्या दारूवर, बायकांच्या नादावर तिनं निम्मी गाणी लिहिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

कॅनडातल्या लाकडाच्या एका व्यापाऱ्यानं तिला टीव्हीच्या कार्यक्रमात ऐकलं आणि पैसे लावले. फेब्रुवारी १९६० मध्ये लॉस एंजलिसला पहिली ध्वनिमुद्रिका झाली, 'आय ॲम अ हॉन्की टॉन्क गर्ल'. गाणं तिचं स्वतःचं. कंपनी इतकी छोटी की जाहिरातीला पैसा नाही. मग नवरा-बायकोनं केंद्राकेंद्राला टपालानं मुद्रिका पाठवल्या आणि स्वतः गाडीत बसून निघाले. वाटेत रेडिओचा मनोरा दिसला की गाडी थांबवायची, आत जायचं, 'आमचं गाणं लावा' म्हणायचं. झोप गाडीत, जेवण म्हणजे पावात घातलेलं थंड मांस आणि चीज. छोट्या केंद्रावर एकटाच माणूस असायचा, तोच निवेदक, तोच साहेब. त्यातल्या अनेकांनी गाणं लावलं. उन्हाळ्यात ते बिलबोर्डच्या कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकावर पोचलं. नॅशव्हिलला पोचेपर्यंत तिचं नाव तिच्या आधी पोचलं होतं, आणि त्याच वर्षी ती ऑप्रीच्या मंचावर उभी राहिली. लहानपणी बॅटरीच्या रेडिओवर ऐकलेला तोच कार्यक्रम.

नॅशव्हिलमध्ये तिला एक मैत्रीण मिळाली, त्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. पॅट्सी क्लाइन तेव्हा मोठी गायिका होती. जून १९६१ मध्ये पॅट्सीला मोटारीचा भीषण अपघात झाला. लोरेटानं मध्यरात्रीच्या एका रेडिओ कार्यक्रमात पॅट्सीचंच गाणं तिच्यासाठी म्हणून गायलं. पॅट्सीनं ते दवाखान्यात पडल्या पडल्या ऐकलं आणि नवऱ्याला पाठवलं, ही मुलगी कोण, घेऊन ये. पुढची पावणेदोन वर्षं पॅट्सीनं तिला कपडे कसे घालायचे, मोटार कशी चालवायची, पैशाचं कसं बोलायचं आणि नवऱ्याशी कसं बोलायचं, सगळं शिकवलं. लोरेटानं सांगितलेली एक आठवण अशी: तिला ऑप्रीवर वारंवार बोलावतात म्हणून नाराज झालेल्या काही गायिकांनी बैठक बोलावली, आणि पॅट्सी त्या बैठकीला लोरेटालाच बरोबर घेऊन गेली. बैठकीत मग बोलायला काही उरलं नाही. मार्च १९६३ मध्ये पॅट्सी विमान अपघातात गेली. वय तीस. पुढच्या वर्षी लोरेटाला जुळ्या मुली झाल्या, त्यातल्या एकीचं नाव पॅट्सी.

आता गाण्यांकडे येते. त्या काळापर्यंत कंट्री संगीतात बाईनं काय गायचं हे ठरलेलं होतं. नवरा सोडून गेला, मी रडते. नवरा चुकला, मी वाट बघते. याला पहिला मोठा धक्का किटी वेल्सनं १९५२ मध्ये दिला. बारमध्ये बसणाऱ्या बायकांना दोष देणारं पुरुषाचं एक गाजलेलं गाणं होतं, त्याला तिनं गाण्यातून उत्तर दिलं की या बायकांना तिथवर आणणारे पुरुषच आहेत. एका मोठ्या रेडिओ जाळ्यानं ते लावायला नकार दिला. तरी ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. एकट्या बाईचं गाणं तिथे पहिल्यांदाच पोचलं होतं. त्या वेळी लोरेटा कस्टरमध्ये चार पोरांची आई होती.

किटीनं जे सभ्य शब्दांत सांगितलं ते लोरेटानं चुलीपुढच्या भाषेत सांगितलं. १९६६ चं 'यू एन्ट वुमन इनफ' कसं सुचलं तर, कार्यक्रमाआधी एक बाई रडत आत आली. तिचा नवरा दुसऱ्या बाईला घेऊन पुढच्या रांगेत बसला होता. लोरेटानं पडद्याआडून त्या दुसरीला न्याहाळलं आणि रडणारीला म्हणाली, "अगं, तिच्यात एवढा दम नाही." आणि लगेच कपडे बदलायच्या खोलीत जाऊन गाणं लिहिलं. १९६६ चंच 'डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन' बहीण पेगी सू हिच्याबरोबर लिहिलेलं. पिऊन आलास तर माझ्याकडे लाडात यायचं नाही, हा त्याचा विषय. बायकोनं नवऱ्याला 'नाही' म्हणणं, तेही अंथरुणाबाबत, आणि तेही रेडिओवर! हे तिचं पहिलं एक नंबरचं गाणं ठरलं. १९६८ च्या 'फिस्ट सिटी'त तर ती डूच्या मागे लागलेल्या एका बाईला सरळ गुद्द्यांची धमकी देते. हे गाणं मला ऐकायला आवडतं, पण एक सांगते. नवऱ्याचं काही म्हणणं नाही आणि मार दुसऱ्या बाईला, हा आपल्याकडचाही जुना न्याय आहे. लोरेटा त्यातून सुटली नव्हती. १९७२ च्या 'रेटेड एक्स'मध्ये मात्र ती घटस्फोटित बाईकडे लोक कसं बघतात, ओळखीतले पुरुष कसे लगट करू बघतात, ते स्वच्छ मांडते. त्यावर काही केंद्रांनी नाक मुरडलं, आणि तेही पहिल्या क्रमांकावर गेलं.

आणि मग 'द पिल', म्हणजे गोळी.

संततिनियमनाच्या गोळीला अमेरिकेत १९६० साली मान्यता मिळाली. शहरातल्या बायकांना ती हळूहळू माहीत झाली. डोंगरातल्या, खेड्यातल्या बाईपर्यंत ती पोचायला फार वेळ लागला. डॉक्टर लांब, चर्चचा धाक, आणि विचारायचं कुणाला हा प्रश्न. १९७२ मध्ये लोरेटानं हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. लिहिणारे दुसरे, पण तिला ते अंगच्या कपड्यासारखं बसलं. दरवर्षी बाळंतपण काढणारी बायको नवऱ्याला सांगते की तू बाहेर मजा केलीस, मी खुराड्यातली कोंबडी झाले; आता गोळी मिळाली आहे, गरोदरपणाचे ढगळ कपडे टाकून देते. चाल हसरी, ठेक्याची. कंपनीनं घाबरून ते दोन वर्षांहून जास्त काळ कपाटात ठेवलं आणि १९७५ मध्ये बाहेर काढलं.

अनेक केंद्रांनी ते वाजवायला साफ नकार दिला. एका धर्मोपदेशकानं प्रवचनात गाण्याचा निषेध केला, आणि ज्यांनी नाव ऐकलं नव्हतं त्यांनाही ते कळलं. लोरेटा हे हसत सांगायची. बंदी असूनही ते कंट्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. कारण रेडिओनं लावलं नाही तरी दुकानात मुद्रिका मिळत होती आणि बायका ती घेत होत्या. पुढे एका मुलाखतीत तिनं सांगितलं की खेड्यातले डॉक्टर येऊन म्हणाले, आमच्या माहितीपत्रकांनी जे झालं नाही ते तुझ्या गाण्यानं झालं. पत्रक घरात आणायचं तर लपवावं लागतं, गाणं गुणगुणता येतं. आपल्याकडे आशाताई माला-एनची पाकिटं घेऊन घरी येतात, तरी दार लोटून, आवाज खाली करूनच बोलणं होतं, हे आशाताईच सांगतील.

हे गाणारी बाई सहा मुलांची आई होती. ती म्हणायची, माझ्या वेळी गोळी असती तर मी घेतली असती. मुलं माझी लाडकी आहेत, पण किती आणि कधी हे मला ठरवता आलं असतं तर बरं झालं असतं. स्वतःला स्त्रीमुक्तीवाली म्हणवून घ्यायला ती तयार नसे. चर्चला जायची, राजकारणात तिचा कल रिपब्लिकन पक्षाकडे असायचा. त्यामुळे चळवळीतल्या बायका तिच्याबद्दल गोंधळून जात. मला वाटतं तिच्या गाण्यांना खेड्यात दार उघडलं ते याचमुळे. बाहेरून कोणी शिकवायला आलेलं नाही, आपल्यातलीच बोलते आहे, हे ऐकणारीला कळायचं.

पैशाचं सांगायलाच हवं, कारण इथे एक गंमत आहे जी बहुतेकांना माहीत नसते. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की गाणाऱ्याला काहीच मिळत नाही. पैसे मिळतात ते गाणं लिहिणाऱ्याला आणि त्या गाण्याचे हक्क ज्या प्रकाशकाकडे असतील त्याला. साधारण अर्धे अर्धे. म्हणजे लोरेटा नुसती गायिका असती तर हजारदा वाजूनही रेडिओचा पैसा तिच्याकडे आला नसता. ती लिहायची म्हणून येत होता. पण उरलेला अर्धा? नॅशव्हिलमध्ये आल्या आल्या तिला विल्बर्न बंधूंनी आधार दिला, आपल्या टीव्ही कार्यक्रमात घेतलं, डेक्का कंपनीत पोचवलं. उपकार खरेच होते. त्याबरोबर तिनं त्यांच्या प्रकाशन कंपनीशी लांब मुदतीचा करार केला. तेव्हा तिला आणि डूला कागदापेक्षा काम महत्त्वाचं होतं. दहाएक वर्षांनी ती बाहेर पडायला निघाली तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं चाललं. गाण्यांचे प्रकाशन हक्क विल्बर्न बंधूंकडेच राहिले. स्वतःच्या आई-बापावर, स्वतःच्या घरावर लिहिलेलं 'कोल मायनर्स डॉटर'सुद्धा.

याचा परिणाम असा झाला की तिनं लिहिणं जवळजवळ थांबवलं. लिहावं तर अर्धं दुसऱ्याच्या घरात. भर उमेदीतली वर्षं ती बहुतेक इतरांची गाणी गात राहिली. बंदीनं जे झालं नाही ते एका सहीनं झालं. 'कोल मायनर्स डॉटर'ची आणखीही एक हळहळ आहे. तिनं ते फार लांब लिहिलं होतं. निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी कडवी कापायला लावली. ती कापलेली कडवी तिनं ठेवली नाहीत आणि नंतर ती तिला आठवली नाहीत.

मान मात्र भरपूर मिळाला. १९७२ मध्ये कंट्री संगीत संघटनेचा वर्षातला सर्वोत्तम कलावंत हा पुरस्कार तिला मिळाला. तो मिळालेली ती पहिली बाई. कॉनवे ट्विटीबरोबरची तिची युगुलगीतं खूप चालली. धाकटी बहीण क्रिस्टल गेल मोठी गायिका झाली. १९७६ मध्ये आत्मचरित्र आलं, १९८० मध्ये त्यावर सिनेमा. त्यात लोरेटाचं काम करणाऱ्या सिसी स्पेसेकनं गाणी स्वतः गायली आणि ऑस्कर मिळवलं. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते तिला देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

घरात काय चाललं होतं ते तिनं सांगून टाकलं होतं. डू प्यायचा, बाहेर जायचा, हात उचलायचा. ती म्हणायची, त्यानं एक मारली तर मी दोन मारल्या. लोक यावर हसतात. मला हसू येत नाही. तिनं त्याला सोडलं नाही. १९८४ मध्ये त्यांचा चौतीस वर्षांचा मुलगा जॅक बेनी शेतावरच्या नदीत बुडून गेला. ती तेव्हा दुसऱ्या राज्यात दौऱ्यावर थकून दवाखान्यात होती, आणि ही बातमी सांगायला डूच तिथे गेला. डूच्या शेवटच्या आजारपणात तिनं कार्यक्रम कमी केले, त्याची शुश्रूषा केली. १९९६ मध्ये तो गेला. एवढं लिहूनही ती का राहिली, असं विचारणाऱ्यांना तिचं उत्तर असायचं की तो माझा पहिला आणि एकच. ज्यांना हे उत्तर पुरेसं वाटत नाही त्यांच्यातली मीही एक आहे. पण प्रश्न तिच्या आयुष्याचा होता.

बहात्तराव्या वर्षी तिनं पुन्हा लिहिलेली गाणी बाहेर आली. जॅक व्हाइट नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या रॉक संगीतकारानं ती ध्वनिमुद्रित केली. त्या २००४ च्या 'व्हॅन लिअर रोझ'ला दोन ग्रॅमी मिळाली. २०१७ मध्ये तिला पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी कंबरेचं हाड मोडलं. तरी २०२१ मध्ये तिचा पन्नासावा अल्बम आला. ४ ऑक्टोबर २०२२ ला, टेनेसीतल्या आपल्या घरी, झोपेत ती गेली. वय नव्वद.

आणि रेडिओ? तिच्या काळात अनेक कंट्री केंद्रांवर नियमच होता की बाईच्या गाण्यानंतर लगेच दुसऱ्या बाईचं गाणं लावायचं नाही. लोरेटा लागली की पुढे पुरुष. वाटेल की हे जुनं झालं. २०१५ साली तिकडच्या एका रेडिओ सल्लागारानं केंद्रांना जाहीर सल्ला दिला की बायकांची गाणी कमी लावा. पुरुष गायक म्हणजे कोशिंबिरीतला पाला आणि बायका म्हणजे वरून टाकायचे टोमॅटो. त्यावर गायिका भडकल्या, काहींनी टोमॅटोचे शर्ट छापले. तेव्हा लोरेटा ब्याऐंशी-त्र्याऐंशीची होती आणि अजून कार्यक्रम करत होती.

ओव्यांचं राहिलेलं रेकॉर्डिंग पुढच्या बुधवारी दुपारी आहे. त्या बाई येणार आहेत. गिळलेली ओवी गायची की नाही हे त्याच ठरवतील, आणि गायली तर नाव सांगायचं की नाही तेही. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर केंद्रावर निरोप द्या. पोरं बरोबर आणली तरी चालतील.

आता वेळ संपत आली. जाता जाता 'फिस्ट सिटी' लावते आहे. गुद्द्यांचं आहे, पण ठेका छान आहे. आणि त्याच्यानंतर लगेच पॅट्सी क्लाइन. दोन्ही बायका, एकामागोमाग एक.